झुलपांखालचा डाग

१

भिंगरी कोसळली ती त्या चेंडूमुळे नाही, हे मला डॉक्टर बाईंनी दाखवलं.

"हे बघा," म्हणत त्यांनी तिच्या कपाळावरची झुलपं दोन बोटांनी हलकेच वर सारली. झुलपं नवी होती आणि पट्टी लावून आखावीत तशी सरळ कापलेली होती. त्यांच्याखाली, उजव्या भुवईच्या वर, एक डाग होता. कडेला पिवळा, मध्ये हिरवट. "कालचा मार असता तर लाल नाहीतर निळा दिसला असता. हा उतरत आलेला डाग आहे. आठवडाभर जुना तरी असावा. आणि काल चेंडू लागला तो डाव्या बाजूला."

लागला हेही जास्तच झालं. तो डाव्या कानाला नुसता चाटून गेला होता. भिंगरी दोन पावलं चालली, तिनं पंचांना विचारलं, "आपण कुठल्या बाजूला खेळतोय?" आणि ती जी खाली बसली ती आडवीच झाली. माझी ही सोळा वर्षांची भाची शाळेच्या फुटबॉल संघाची बचावपटू. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, कारण ही मुलगी जन्मात एका जागी राहिली नाही. आता ती पांढऱ्या चादरीवर डोळे मिटून पडली होती आणि खिडकीचा पडदा जरा हलला तरी कण्हत होती.

"स्कॅन स्वच्छ आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या, "पण मेंदूला बसलेला हादरा स्कॅनमध्ये दिसत नाही. तो भरून येण्याआधी दुसरा साधा धक्काही महागात पडतो, आणि या वयात तर फारच. हिला आधी एक हादरा बसलाय. तो केव्हा, कसा, त्यानंतर हिला काय काय झालं, ते मला कळायलाच हवं. नाहीतर मी हा पहिलाच समजून हिला लवकर मैदानावर सोडीन. आणि तिसरा बसला तर..." त्यांनी झुलपं पुन्हा डागावर सोडली.

माझी ताई, म्हणजे भिंगरीची आई, पदरानं डोळे टिपत होती. "मैदानावरच लागलं असणार, दुसरीकडे कुठं? सामन्यापर्यंत घरी ठणठणीत होती. त्यांच्या संघाच्या फिजिओनं लपवलं. उद्या शाळेची समिती बसतेय त्याला काढायला. तू शोध गं. लबाड पकडणं हेच तर तुझं काम."

ते मात्र खरं. मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासते. मांजर आडवं आलं म्हणून सांगणाऱ्याच्या बंपरला विजेच्या खांबाचा रंग लागलेला असतो, तो मला दिसतो. मी ताईच्या हातावर हात ठेवला आणि शोधते म्हणाले.

ताई औषधं आणायला गेली. भाची झोपली आहे असं समजून मी उठणार, तेवढ्यात तिनं माझी ओढणी धरली.

"मावशी, नको ना शोधूस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

२

फिजिओची खोली म्हणजे शाळेच्या जिन्याखालची जागा. एक बाक, बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीज आणि भिंतीवर मानवी सांगाड्याचं चित्र. त्या सांगाड्याला कुणीतरी मिशा काढल्या होत्या. पोरगेलासा फिजिओ त्या मिशांखाली खांदे पाडून बसला होता.

"तुम्ही हिला खेळू कशी दिलीत?" मी सरळच विचारलं. गोड बोलून माणसं सावध होतात, हा माझा अनुभव.

"मी रोज सरावाआधी एकेकीला विचारतो," तो म्हणाला. "कालच्या खेळात डोक्याला काही लागलं का? लागलं म्हणाली तर पुढची तपासणी. डोकं दुखतं का, उजेड सोसतो का, वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखव, एका पायावर उभी राहा. एवढंसं जरी चुकलं तरी तिचे बूट मी काढून घेतो. प्रशिक्षक सरांशी कितीदा तरी भांडण झालंय माझं त्यावरून."

"आणि लागलं नाही म्हणाली तर?"

"तर पुढची मुलगी."

"भिंगरी काय म्हणाली?"

"माझ्याकडे बघून म्हणाली, 'खेळताना नाही, दादा.' रोज हेच." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "गेल्या वर्षी एका सामन्यात चेंडू हिच्या हाताला लागला होता. पंचांना दिसलंही नव्हतं. हिनं आपण होऊन जाऊन सांगितलं आणि आम्ही हरलो. ती मुलगी माझ्या तोंडावर खोटं बोलली? तसं असेल तर समितीनं काढायची वाट कशाला बघू, मीच जातो."

मला त्याचा राग येईना. लबाड माणूस आपल्या बाजूनं पुरावे देतो. हा गडी भिंगरीच्या बाजूनं देत होता.

"तुमच्या मनात कोण आहे?" मी उठता उठता विचारलं.

तो घुटमळला. "सर. त्या आठवड्यात माझ्या माघारी त्यांनी जादा सराव घेतला असेल, तर मला काहीच माहीत नाही."

३

सर मैदानाच्या कडेला मिळाले. छाती पुढे, शिटी गळ्यात.

"आमच्या वेळी डोकं फुटलं तरी रुमाल बांधून खेळायचो," ते म्हणाले. "हल्लीच्या पोरींना जरा ऊन लागलं तरी चक्कर."

गुन्हेगार हाच निघावा, अशी माझी फार इच्छा होती. इतका सोयीचा माणूस रोज भेटत नाही.

"मागच्या आठवड्यात जादा सराव कुठं घेतलात?"

"जादा? इथं साधा सुद्धा झाला नाही!" त्यांनी शिटीनंच मैदान दाखवलं. चारी बाजूंनी दोरी लावलेली होती आणि आत नवी लावलेली हिरवळ अजून पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी दिसत होती. "आठवडाभर कुणाला पाय ठेवू दिला नाही. वर्गात फळ्यावर चुंबकं सरकवत बसलो, लहान मुलांसारखे. चेंडूला हात नाही, पाय नाही. सामनाही दुसऱ्यांच्या मैदानावर झाला."

म्हणजे फिजिओ रोज विचारत होता ते केवळ सवयीनं. आणि त्या आठवड्यात मैदानावर लागायला मुळात मैदानच नव्हतं. मी मनातल्या मनात सरांना सोडून दिलं. जड गेलं, पण दिलं.

संघाची कर्णधार, भिंगरीची जिवलग मैत्रीण, पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले. मी शेजारी बसले.

"तिनं मला दगा दिला, मावशी," ती एकदम म्हणाली. "आम्ही एकमेकींपासून काही लपवायचं नाही, असं ठरलं होतं. आणि आठवडाभर ती माझ्यावर खेकसत होती. मी हसले तरी म्हणायची, हळू हस. वर्गात खिडकीजवळची तिची जागा सोडून कोपऱ्यात जाऊन बसली. एकच पान पुन्हापुन्हा वाचायची. कॉर्नरच्या वेळचा आमचा इशारा आम्ही दोघींनीच ठरवलेला, फळ्यापुढच्या सरावात तो सुद्धा विसरली. मला वाटलं, तिला माझा कंटाळा आला."

"तिला तुझा कंटाळा नव्हता आला गं. तिचं डोकं दुखत होतं."

तिनं बाहीनं डोळे पुसले. मग हुंदका आवरून म्हणाली, "शाळेत एकदा तिला उलटीही झाली. तेव्हा मी घाबरले आणि काकूंना फोन केला."

"कोणत्या काकूंना?"

"तिच्या आईला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, परीक्षेचं टेंशन आहे, तू कुणाला बोलू नकोस, तिला लाज वाटेल."

त्याच ताईनं मला सांगितलं होतं की सामन्यापर्यंत पोरगी ठणठणीत होती.

४

आपल्या माणसाबद्दल शंका आली की बुद्धी वकिली करायला लागते. ताई विसरली असेल. घाबरली असेल. भावोजी जहाजावर, महिनोन् महिने घरी नाहीत. एकटी बाई कुठं कुठं बघणार? रुग्णालयात पोचेपर्यंत माझ्या वकिलानं ताईला निर्दोष सोडलं होतं.

"घरून भिंगरीचे कपडे आणतेस?" ताईनं किल्ली पुढं केली. "माझीच गाडी घेऊन जा."

मी गाडीत बसले आणि नेहमीच्या सवयीनं डाव्या कोपऱ्यात बेडकाकडे पाहिलं. भिंगरीनं लहानपणी समोरच्या काचेवर एक हिरवा बेडूक चिकटवला होता. ताईनं तो खरवडून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा हिनं असा टाहो फोडला की एक पाय गेल्यावर खरवडणं थांबलं. तो लंगडा बेडूक इतकी वर्षं तिथंच होता. बाहेरगावी जाताना आम्ही त्याला टाटा करायचो.

बेडूक नव्हता. काच स्वच्छ होती, ओरखडासुद्धा नाही. तिच्याभोवतीचं रबर काळंकुळकुळीत होतं आणि मागच्या काचेचं मात्र राखाडी पडून भेगाळलेलं.

काच फुटणं हा काही गुन्हा नाही. खडा उडतो, फुटते. पण माझ्या ताईची एक गंमत आहे. दाराला नखाएवढा ओरखडा पडला तरी ती आधी मला फोन करते. "हे विम्यात बसतं का गं?" एकदा कबुतरानं आरसा तिरका केला तेव्हाही केला होता. मीही चेष्टा करत का होईना, दर वेळी यायचे, बघायचे, सगळं करून द्यायचे. आणि अख्खी काच बदलली, तेव्हा मला फोन नाही.

का नाही? कारण मी आले असते. वाकून बघितलं असतं. बाहेरून खडा लागला तर काच कशी तडकते आणि आतून डोकं आपटलं तर कशी तडकते, हे ओळखणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. जगात एकाच माणसाला ती काच दाखवायची सोय नव्हती, आणि ते माणूस मी होते.

कपडे आणायला मी गेलेच नाही.

५

ताई रुग्णालयाच्या उपाहारगृहात होती. समोरचा चहा थंड झालेला. मी खुर्ची ओढून बसले.

"सापडला का गं?" तिनं विचारलं.

"सापडला. ऐकतेस? पहिला मार मैदानावर बसला नाही, कारण त्या आठवड्यात मैदान बंद होतं. फिजिओनं रोज विचारलं, खेळात लागलं का. भिंगरी म्हणाली, खेळताना नाही. ती खोटं बोललीच नाही, ताई. त्यानं विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं."

ताईनं चहाचा कप जवळ ओढला.

"तुला झुलपं आवडत नाहीत. लहानपणी माझी तू पकडून पकडून मागं बांधायचीस. मग तुझ्या मुलीच्या कपाळावर इतकी सरळ झुलपं कापली कुणी? घरात इतकी सरळ कात्री एकाच हाताची चालते, तुझ्या. आणि भिंगरीची खोड तुलाही माहीत आहे, मलाही. शाळेचं शेवटचं वळण आलं की ती बेल्ट काढते आणि गाडीतच गणवेशाचे बूट चढवते. ब्रेक कशासाठी मारलास?"

तिनं चहाच्या कपाकडे बघत सांगितलं. "पालकांच्या ग्रुपवर सामन्याची वेळ आली होती. मी अंगठ्याचं चित्र पाठवत होते. नुसतं ठीक आहे म्हणायला." तिनं पदर तोंडाशी नेला. "समोर कुत्रं आलं. मी दाबला ब्रेक. ती पुढं... पण ती बेशुद्ध पडली नाही गं. रक्त नाही, काही नाही. नुसती काही वेळ गप्प होती. मला वाटलं, शुद्धीत आहे म्हणजे काही झालेलं नाही."

"शुद्ध न हरपताही हादरा बसतो. बरं, तेव्हा तुला माहीत नव्हतं, मानलं. पण नंतर? डोकं दुखायला लागलं तेव्हा? मैत्रिणीनं उलटीचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा भीती वाटली. पडदे लावले, मोबाईल काढून घेतला, घड्याळ टिकटिकतं म्हणून ते सुद्धा दुसऱ्या खोलीत नेलं. मी काळजी घेत होते तिची."

"चोरून."

"हे किती वेळा बजावतात, गाडी चालवताना फोन हातात घेऊ नकोस. त्यांना काय सांगणार होते मी? तुला काय सांगणार होते?"

"मला?" माझा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. वळू देत. "मला तर तू शोधायला पाठवलंस! त्या पोराची उद्या नोकरी जाणार होती. मी जाऊन म्हणायचं की हो, मैदानावरच लागलं, आणि माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा. एवढ्यासाठीच ना?"

ती कपाशी चाळा करत राहिली. "मला वाटलं, तू मैदानावरच शोधशील," ती म्हणाली. "घरात कशाला बघशील?"

खरं सांगते, त्या वाक्यानं माझा जीव गेला. आयुष्यभर परक्यांच्या थापा ऐकल्या, एकही मनाला लागली नाही. आणि माझ्या ताईनं माझ्या मायेचा नेमका अंदाज घेऊन केसानं माझा गळा कापला होता.

"एकच राहिलं," मी म्हणाले. "सामन्याच्या सकाळी काय झालं?"

ताईनं मान वर केली. चेहरा पांढराफटक. "तिनं तुला सांगितलं?"

तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

६

डॉक्टर बाईंना ताईनंच सांगायचं, हे मी ठरवलं आणि ती बोलेपर्यंत दारात उभी राहिले. तिनं सांगितलं. सकाळचं सुद्धा सांगितलं. भिंगरी बूट हातात घेऊन म्हणाली होती, "आई, आज नको ना. मला सगळं दोन-दोन दिसतंय." आणि ताई म्हणाली होती, तू गेली नाहीस तर सगळे कारण विचारतील. नुसती उभी राहा मागं. एवढं माझ्यासाठी कर.

डॉक्टर बाईंनी तिला ओरडा दिला नाही. मला तो हवा होता, पण त्यांनी दिला नाही. त्यांनी फक्त पुढचं समजावलं. पहिला एखाद-दुसरा दिवस आराम, मोबाईल-टीव्ही कमी. पण अंधारात कोंडायचं नाही, त्यानं पोरं जास्त खचतात. मग थोडं चालणं, थोडं वाचन. डोकं दुखायला लागलं की एक पायरी मागं यायचं. आधी शाळा, तीही अर्धा दिवस. खेळ सगळ्यात शेवटी आणि एकेक पायरीनं. यावेळी नेहमीपेक्षा कितीतरी सावकाश, कारण हादरे दोन आहेत. "डोकेदुखी अचानक वाढली, वारंवार उलटी झाली, झोपेतून नीट उठेना, तर कुणाची लाज धरायची नाही. तडक घेऊन यायचं," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी पहिल्यांदाच ताईकडे रोखून पाहिलं.

समितीसमोर मी गेले. फिजिओ राहिला. त्या दिवसापासून तो मुलींना नुसतं विचारतो, "डोक्याला कुठंही लागलं का? घरी, रस्त्यावर, जिन्यात?" सर त्याला हसतात, पण शिटी वाजवायच्या आधी त्याच्याकडे बघतात.

भिंगरीला घरी सोडायच्या दिवशी मी तिच्या पलंगाशी बसले होते. तिची मैत्रीण येऊन गेली होती. दोघी हात धरून बसल्या होत्या.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आईला सांगशील, मी तुला सांगितलं नाही म्हणून? तिला वाटतंय, मी सांगितलं. मी शब्द दिला होता तिला. मोडला नाही."

या पोरीनं शब्द पाळण्यासाठी डोकं पणाला लावलं होतं, आणि जिला तो दिला ती मात्र उपाहारगृहात बसून फिजिओला काढायची वाट बघत होती.

"सांगेन," मी म्हणाले. "पण असा शब्द पुन्हा कुणाला द्यायचा नाही. मलासुद्धा."

तिनं मान हलवली.

बाहेर ताईनं गाडी दारापाशी आणून लावली होती. फोन तिनं पर्समध्ये टाकला, आम्हाला दिसेल असा, आणि पुढचं दार उघडून उभी राहिली. काचेच्या कोपऱ्यात तिनं नवा हिरवा बेडूक चिकटवला होता. चारही पाय असलेला.

भिंगरी त्याच्याकडे बघत थांबली. उन्हानं डोळे बारीक केलेले.

"छान आहे," ती म्हणाली. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसली आणि तिनं बेल्ट लावला. बेल्ट बसल्याचा आवाज ताईलाही ऐकू गेला असणार, कारण तिनं उघडं धरलेलं दार तेव्हा कुठं लावलं.